‘चार दगड’ म्हणणाऱ्यांना

बोईसरच्या आमच्या सोसायटीतले एक गृहस्थ दिवाळीनंतर युरोप करून आले. ‘करून आले’ हा शब्द त्यांचाच. चारधाम करतात तसा युरोपही आता करतात. परत आल्यावर त्यांनी सत्यनारायण घातला आणि प्रसादाचा द्रोण हातात दिलेल्या प्रत्येकाला सोफ्यावर बसवून मोबाइलमधले फोटो दाखवले. त्यात एक किल्ला पुन्हा पुन्हा येत होता. कड्यावर उभा, पांढराशुभ्र, निळसर टोप्या घातलेले उंच मनोरे, मागे डोंगर. “बघा सर, याला म्हणतात किल्ला! मध्ययुगातला. राजे, सरदार, राजकन्या... काय जपलंय लोकांनी! आणि आपल्याकडे? शिरगावचा कोट जाऊन बघा. चार दगड.”

शिरा उत्तम झाला होता म्हणून मी काही बोललो नाही. पण शिरा पचला, ते ‘चार दगड’ काही पचले नाहीत.

हे एकट्या त्या गृहस्थांचं मत असतं तर मी कागद खर्ची घातला नसता. हे मत या पट्ट्यात हवेसारखं पसरलेलं आहे. लोकलच्या डब्यात ते ऐकू येतं आणि शाळेच्या सहलीच्या बैठकीतही. केळव्याला रविवारी येणाऱ्या मुंबईकरांच्या तोंडी तर ते हमखास असतं. थोडक्यात ते असं: खरे किल्ले दोनच ठिकाणी, एक सह्याद्रीत, दुसरे युरोपात. पालघरच्या किनाऱ्यावर आहेत त्या गढ्या. एक तर त्या चिमुकल्या, दुसरं म्हणजे फिरंग्यांच्या, पोर्तुगिजांच्या, म्हणजे आपल्या नव्हेतच. आणि तिसरं, त्या पडक्या, कारण आपल्याला जपता येत नाही, युरोपाला येतं. तेव्हा मध्ययुग बघायचं तर विमानाचं तिकीट काढावं. शिरगावला फार तर भेळ खावी.

आधी त्या पांढऱ्या किल्ल्याकडेच वळू, कारण सगळा युक्तिवाद त्याच्याच मनोऱ्यावर चढून बसलेला आहे.

त्याचं नाव नॉयश्वानस्टाइन. बव्हेरियाचा राजा दुसरा लुडविग याने त्याचा पाया घातला तो 5 सप्टेंबर 1869 या दिवशी. ग्रँट रोड ते सुरत हा लोहमार्ग जोडला गेला 1864 च्या नोव्हेंबरात. म्हणजे आमच्या गृहस्थांनी ज्याला हजार वर्षांचा ठरवला, त्याचा पहिला दगड बसायच्या आधी पाच वर्षं आपल्या या पट्ट्यातून आगगाडी शिट्ट्या मारत जात होती. आणखी ऐका. त्या किल्ल्याची मूळ चित्रं कुणा दुर्गतज्ज्ञाने काढलेली नाहीत. ती काढली क्रिस्टियान यांक नावाच्या नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या चित्रकाराने. भिंतींमधून गरम हवा खेळवण्याची सोय, नळाचं पाणी, नोकरांना बोलवायला विजेची घंटा, हे सगळं त्यात पहिल्यापासून आहे. सिंहासनाचा दरबार आहे, पण सिंहासन नाही. ते कधी बसवलंच गेलं नाही. 1886 साली राजा तळ्यात मेलेला सापडला आणि दोन महिन्यांच्या आत तिथे तिकीट लावून प्रेक्षक सोडायला सुरुवात झाली. तेव्हापासून आजतागायत तो किल्ला एकच काम चोख करतो आहे: तिकीट विकणं. वेढा त्याने पाहिला नाही, तोफ पाहिली नाही, धान्याचं एक पोतंही कुणाच्या खळ्यावरून जबरदस्तीने उचलून तिथे आलं नाही. ते नेपथ्य आहे. नेपथ्य सुंदर असतं, मान्य. पण नेपथ्य बघून आल्यावर ‘खरा किल्ला बघितला’ म्हणायचं आणि दोनशे वर्षं तोफा-सुरुंग झेललेल्या भिंतीला ‘चार दगड’ म्हणायचं, याला काय म्हणावं?

बरं, खरोखरच्या मध्ययुगातला खरा किल्ला कसा होता? खिडक्या म्हणजे बाण सोडण्यापुरत्या फटी. त्यातून ऊन यायचं नाही, वारा मात्र यायचा. दिवाणखान्याच्या मधोमध विस्तव, आणि धूर छपराला फट सापडेल तिथून बाहेर. जमिनीवर लव्हाळी पसरलेली. संडास म्हणजे भिंतीबाहेर काढलेली एक खोबण, खाली थेट खंदक. आणि ज्या सरदारांचे तैलचित्रातले चेहरे पाहून आपण भारावतो, ते वर्षातले किती दिवस तिथे राहायचे? कोठारातलं धान्य आणि गोठ्यातली जनावरं संपली की सगळं बिऱ्हाड उचलून पुढच्या गावच्या वाड्यावर. तिथलं संपलं की त्याच्या पुढच्या. खाणं संपेपर्यंत एका जागी आणि मग दुसरीकडे, असं फिरणाऱ्यांना आपल्याकडे वेगळी नावं आहेत. त्यांना कुणी शूरवीर म्हणत नाही.

मला जो मुद्दा पुढे न्यायचा आहे त्याचं टोक इथेच आहे. किल्ला कशासाठी असतो? शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, शत्रूपासून संरक्षणासाठी. बरोबर, पण रोज उठून शत्रू येत नाही. रोज उठून लागतं ते भात. किल्ला म्हणजे सर्वात आधी भोवतालच्या गावांतलं धान्य एका भिंतीआड आणण्याची आणि तिथे राखण्याची सोय. युरोपात गहू, इथे भात. भिंत परक्या शत्रूसाठी जितकी उंच असते तितकीच ती ज्याचं धान्य आत आलं आहे त्याच्यासाठीही उंच असते. हे एकदा ध्यानात घेतलं की शिरगावची गढी आणि वेल्समधला दगडी किल्ला सख्खे भाऊ दिसू लागतात. आणि तो पांढरा मात्र दोघांच्या वरातीत घुसलेला भाड्याचा घोडा.

आता आकाराचं. ‘एवढ्याशा गढीत काय शंभर माणसंसुद्धा मावायची नाहीत,’ असं एकाने मला शिरगावच्या बुरुजावर उभं राहूनच ऐकवलं होतं. मग इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने वेल्स जिंकल्यावर बांधलेला कॉनवीचा किल्ला घ्या. 1283 ते 1287 या चार-पाच वर्षांत उभा केलेला, आठ अवाढव्य बुरुजांचा, जगातल्या उत्तम मध्ययुगीन किल्ल्यांत गणला जाणारा. 1284 साली तिथे राजाने ठेवायला सांगितलेली शिबंदी किती होती? तीस माणसं. त्यात पंधरा धनुर्धारी. बाकीच्यांत पाद्री, लोहार, सुतार, गवंडी. शंभर मावायचे नाहीत म्हणून शिरगाव किल्ला नाही, तर तिसांच्या बळावर कॉनवी कुठला किल्ला? किल्ल्याचं बळ आत मावणाऱ्या माणसांत नसतं. तीस माणसं तीस गावांवर बसू शकतात, यात असतं.

आणि आमच्या किनाऱ्यावर एकटा शिरगाव थोडाच आहे? वैतरणेच्या मुखावरच्या दातिवऱ्यापासून मोजायला लागा. एडवण, मथाणे, भवानगड, दांडा, केळव्याच्या सुरूच्या बनात वाळूत अर्धा बुडालेला कोट, खाडीच्या तोंडाशी जहाजासारखा दिसणारा पाणकोट, माहीम, शिरगाव, मग तारापूर, पुढे डहाणू. एकाच्या टोकावरून दुसरा दिसावा अशी ही माळ आहे. जिथे खाडी आत शिरते तिथे एक, जिथे गलबत लागू शकतं तिथे एक. भवानगड वेगळा, तो मराठ्यांनी वसईच्या मोहिमेत उभा केलेला, फिरंग्यांच्या माळेत मुद्दाम खुपसलेला काटा. एकेक मणी हातात घेऊन ‘केवढासा हा!’ म्हणणाऱ्याने मंगळसूत्राचीही तशीच किंमत करून बघावी. घरी बायकोसमोर करावी, म्हणजे उत्तर लगेच मिळेल.

सह्याद्रीप्रेमी मंडळींना चढण लागते. चढण नाही तर किल्ला नाही, असा त्यांचा शास्त्रार्थ. त्यांनी महामार्गावरच्या मेंढवण खिंडीजवळचा आशेरी चढावा. घाम पुरेसा येतो. वर पोर्तुगीज राजचिन्ह कोरलेला दगड आहे. या राजचिन्हाची एक गंमत आहे: त्याच्या कडेने बारीक बारीक किल्ले काढलेले असतात. पोर्तुगालच्या राजांनी शेकडो वर्षांपूर्वी आपल्या ढालीवर किल्ल्यांची ती किनार घेतली. म्हणजे युरोपातला मध्ययुगीन किल्ला खरोखरच पालघर जिल्ह्यातल्या डोंगरावर येऊन बसला आहे, फक्त तो सापडायला ढालीच्या कडेला बघावं लागतं. पण बघणार कोण? चिन्ह परकं ना!

‘परकं’ हा या मंडळींचा हुकमाचा पत्ता. तो टाकला की चर्चा संपली असं त्यांना वाटतं. पण मला विचाराल तर खरी चर्चा तिथूनच सुरू होते.

23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला. 1559 मध्ये त्यांनी दमण घेतलं. मधला किनारा, म्हणजे आजचा जवळजवळ सगळा पालघर जिल्ह्याचा किनारा, त्यांच्या उत्तर प्रांतात गेला. मग त्यांनी काय केलं? तलवारी घेऊन नुसते फिरत राहिले? नाही. त्यांनी ते केलं जे त्यांच्या आज्या-पणज्यांच्या मुलखात शेकडो वर्षं चालत आलं होतं. गावं वाटली. राजाच्या नावाने एकेक गाव, कधी गावांचा गट, एखाद्या खानदानी शिपायाला किंवा मर्जीतल्या माणसाला पट्ट्याने द्यायचा. त्याने दरसाल ‘फोरो’ नावाचा ठरावीक खंड सरकारात भरायचा. पट्टा बहुधा तीन पिढ्यांचा. बदल्यात त्याने हत्यारबंद राहायचं. दमणच्या बाजूला तर घोडा बाळगणं ही पट्ट्याची अटच असे. मुलीला आंदण म्हणूनही गाव जाई. मुंबई बेटसुद्धा असंच पट्ट्यावर होतं आणि एके काळी पट्टेदार कोण होता, तर गार्सिया द ओर्ता, हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवर 1563 मध्ये गोव्यात ग्रंथ छापणारा प्रसिद्ध वैद्य. खंड सरकारात जायचा, आणि खंडापेक्षा जास्त जे निघेल ते पट्टेदाराचं. ते जास्त कुठून निघायचं? मुड्यांतून. भाताच्या मुड्यांतून. आणि मुडे ठेवायला, खाडीतून येणाऱ्या लुटारूंपासून राखायला, आणि गावाला वचकात ठेवायला काय लागतं? जाड भिंतींचं, बुरूज काढलेलं घर लागतं.

त्या घराला तुम्ही गढी म्हणा, कोट म्हणा, वखार म्हणा. नॉर्मंडीतल्या शेतकऱ्याला ते दाखवलं असतं तर त्याने ओळखायला क्षणही लावला नसता. त्याच्या गावात तसलंच एक होतं.

इथे एखादा चष्मेबहाद्दर उठून म्हणेल: थांबा, मध्ययुग 1453 मध्ये संपलं, कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा. पोर्तुगीज आले सोळाव्या शतकात, तोफा घेऊन. मग यांचे किल्ले मध्ययुगीन कसे? प्रश्न परीक्षेला ठीक आहे. पण मध्ययुग ही काय नगरपालिकेची मुदत आहे, अमुक तारखेला संपली आणि प्रशासक बसला? भिंती बदलल्या, हे खरं. तोफेपुढे उंच भिंत मूर्खपणाची ठरली म्हणून ती बुटकी आणि जाड झाली, कोपरे टोकदार निघाले. वसईचा कोट त्या नव्या विद्येचाच. पण भिंतीआडचा कारभार? 1695 साली जेमेली कारेरी नावाचा नेपल्सचा प्रवासी वसईत आला होता. तो स्वतः युरोपातला, कुळं आणि धनी घरी पाहिलेला. त्याने काय लिहून ठेवलं आहे? इथले शेतकरी आपल्याकडच्या कुळांहूनही वाईट स्थितीत आहेत. त्यांनी जमीन कसलीच पाहिजे, धन्याचा वाटा भरलाच पाहिजे. आणि एका गावातून दुसऱ्या गावात पळून गेले तर धनी त्यांना जबरीने परत आणतो. हे वाक्य दोनदा वाचावं. जमिनीला बांधलेला माणूस! मध्ययुगीन युरोपची व्याख्या करायला सांगितली तर कुठलाही प्राध्यापक याहून नेमकी करणार नाही. तिकडच्या बांधील कुळाला निदान एक पळवाट होती. बऱ्याच शहरांत रिवाज असा की वर्ष आणि एक दिवस तटाच्या आत लपून काढलं की माणूस मोकळा. इथे कुठे पळणार? समोर समुद्र, मागे जंगल, आणि मध्ये कोटांची माळ.

तेव्हा ‘तो किल्ला फिरंग्याचा, आपला नाही’ या वाक्यातला ‘आपला’ कोण, हे आधी सांगा. भिंतीवर नाव फिरंग्याचं, कबूल. पण दगड कुणी फोडला? चुना कुणी मळला? किनाऱ्यावरून शिंपल्या कुणी गोळा करून भाजल्या? लिस्बनहून गवंडी-बिगारी भरून जहाजं आली होती काय? वाडवळांनी, भंडाऱ्यांनी, मांगेल्यांनी, कुणब्यांनी, वारल्यांनी पिकवलेलं आणि पकडलेलं ज्या भिंतीआड गेलं, ती भिंत त्यांच्या नातवंडांची नाही, तर कुणाची? आणि फिरंग्याचं ते सगळं नाकारायचंच असेल तर पूर्ण नाकारा. दर महिन्याला मिळतो तो पगार, घराची चावी, न्हाणीतली बालदी, जप्तीच्या मालाचा लिलाव, तुरुंग आणि काडतूस, हे सगळे शब्द परत करा. एमआयडीसीत काम करणाऱ्या माझ्या मित्रांना पगार परत करायला सांगून बघा!

हे जे म्हणतात ना ‘आपला इतिहास नाही’, त्यांना चिमाजीअप्पांची मोहीम मात्र फार प्रिय असते. 1739 च्या सुरुवातीला मराठ्यांनी हा किनारा एकेक कोट करून सोडवला. माहीम, केळवे, शिरगाव, डहाणू पडले. तारापूरने मात्र घाम काढला. सुरुंग लावून तट उडवावा लागला, खिंडारात हातघाई झाली, आणि तिथे बाजी भीवराव रेठरेकर पडले, मोहिमेतला एक पहिल्या प्रतीचा सरदार. त्याच वर्षी मेमध्ये वसई हाती आली. मग मला सांगा, बाजी भीवराव कशासाठी पडले? चार दगडांसाठी? पेशव्यांना सुरुंगाची दारू जास्त झाली होती, म्हणून ती बकऱ्यांच्या गोठ्याखाली पेरली? विजयाच्या दिवशी फटाके लावायचे तेव्हा तो बलाढ्य किल्ला असतो, आणि रविवारी बघायला जायचं म्हटलं की गढी होते. हा कुठला न्याय?

तारापूरचा तो कोट पुढे इंग्रजी अमलात विकाजी मेहरजी या पारशी सावकारांच्या घराण्याकडे इनाम गेला. आत वाडी झाली, नारळ लागले. पोर्तुगीज, मराठे, इंग्रज, पारशी, सगळे एका तटाच्या आत नांदून गेले, आणि काही किलोमीटरवर 1969 पासून देशातलं पहिलं अणुवीज केंद्र चालू आहे. जगात ‘तारापूर’ म्हटलं की लोकांना अणुभट्टी आठवते, कोट नाही. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तारापुरात राहून कोट न आठवणाऱ्यांबद्दल आहे.

आणि पोर्तुगिजांच्या आधीचा काळ? तो तर आमच्याकडे लिहिलेला आहे. महिकावतीची बखर, जिचे जुने भाग पंधराव्या शतकातले आहेत, ती या उत्तर कोकणात कोण राजा आला, कुणाला कुठलं वतन मिळालं, कुठल्या कुळाचा कुठे मान, हेच सांगत बसते. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती 1924 मध्ये छापली. जमीन, वतन, मानपान, हद्दी, भांडणं. फ्रान्समधल्या एखाद्या मठातल्या जुन्या दप्तरात याहून वेगळं काय असतं? आमच्या मुलांना शूरवीरांचे गोल टेबल ठाऊक. आपल्याच माहीमच्या नावाची बखर आहे, हे सांगितलं की ती विचारतात, ‘पुस्तक आहे का सिरीज?’

राहिलं जपण्याचं. ‘त्यांनी जपलं, आपण मोडलं.’ यात एक गोष्ट मी देऊन टाकतो: आज ते नीट जपतात, आणि आपण आज जपत नाही. केळव्याचा कोट वाळूतून मोकळा करायला फावडी घेऊन पोरांना सुट्टीच्या दिवशी यावं लागतं, ही लाज आहेच. पण ‘पहिल्यापासून जपलं’ ही थाप आहे. फ्रान्समध्ये 1626 साली राजाचा मंत्री रिशल्यू याच्या हुकमाने सीमेवर नसलेल्या किल्ल्यांचे तट पाडायला सुरुवात झाली. सरदार डोईजड होतात म्हणून. इंग्लंडात यादवी युद्धानंतर संसदेने कॉर्फ, केनिलवर्थसारखे किल्ले मुद्दाम दारू लावून फोडले. आज तिथली पडझड ‘रम्य अवशेष’ म्हणून तिकीट लावून दाखवतात. जर्मनीत 1524-25 च्या उठावात शेतकऱ्यांनी किल्ले आणि मठ शेकड्यांनी जाळले. त्यांना त्यात राजकन्या दिसत नव्हत्या, कोठारं दिसत होती. फ्रान्समधल्याच कारकासोनचा सुप्रसिद्ध तट एकोणिसाव्या शतकात एका वास्तुविशारदाने डागडुजी करून जवळजवळ नव्याने सजवला. जिथे कुणी पाडला नाही तिथे गावकऱ्यांनी दगड नेऊन गोठे बांधले. माणसं सगळीकडे सारखीच. आणि 1818 मध्ये सह्याद्रीतले आपले गड कुणी निकामी केले? ज्यांच्या देशात जाऊन ‘काय जपलंय’ म्हणून आपण गदगदतो, त्यांनीच की!

आता ती राजकन्या. या साऱ्या कौतुकाच्या मुळाशी तीच बसलेली आहे, खिडकीत. तिच्यापायी पालघरच्या लग्नाच्या हॉलांना थर्माकोलचे मनोरे लागतात. पण त्या खिडकीच्या खाली कोण होतं, हे कुणी विचारत नाही. आठवड्याचे दोन-तीन दिवस धन्याच्या शेतावर फुकट राबणारा शेतकरी होता. त्याची मुलगी लग्नाची झाली तर धन्याला पैसे, तो मेला तर गोठ्यातलं सर्वात चांगलं जनावर धन्याला, दळण धन्याच्याच गिरणीत आणि दळणावळही त्याचीच. 1381 मध्ये इंग्लंडातले असे लोक उठले तेव्हा त्यांनी धन्यांची दप्तरं शोधून शोधून जाळली, कारण त्यांच्या मानेवरचं जू त्या कागदांत लिहिलेलं होतं. हे बोललं की आमचे पर्यटक म्हणतात, “हो, पण ते फार जुनं, फार लांबचं.”

लांबचं? डहाणू, तलासरी, पालघरच्या जंगलपट्टीत ‘लग्नगडी’ हा शब्द आजही म्हाताऱ्या माणसांना सांगून समजावावा लागत नाही. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घेतले की नवरा-बायको दोघं त्याच्या घरी राबणार, आणि ते कर्ज कधी फिटणार नाही याची व्यवस्था सावकाराच्या वहीत. वेठ तर सगळ्यांनाच. धन्याचा निरोप आला की आपलं शेत तसंच टाकून त्याच्या शेतावर, मजुरी नाही. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. तिथे उंबरगाव तालुक्यातले वारली गेले. मे महिन्यात झरीला हजारो जमले आणि गोदावरी परुळेकर व शामराव परुळेकर यांच्या साथीने त्यांनी ठरवलं: वेठ नाही, लग्नगडी नाही, मजुरीशिवाय काम नाही. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघं गेले. 1945! पांढऱ्या किल्ल्याला तोपर्यंत साठ वर्षं तिकीट लागलेलं होतं.

आणि हे पाप एकट्या फिरंग्यांच्या पदरात टाकून मोकळं होता येत नाही, हेही सांगायला हवं. पेशवाईच्या कागदांत वेठबेगार आहे, गडाच्या कामावर धरून आणलेली माणसं आहेत. 1739 मध्ये झेंडा बदलला, त्याचा मला अभिमान आहे. पण झेंड्याखालच्या कोठारात भात कुणाचं, या प्रश्नाला अभिमान हे उत्तर नाही. म्हणूनच या कोटांची कुणालाच आठवण नको असते. सह्याद्रीच्या गडावर उभं राहिलं की छाती फुगते. शिरगावच्या कोटात उभं राहिलं की विचारावं लागतं, आपले पूर्वज या भिंतीच्या कुठल्या बाजूला होते? बहुतेकांचं उत्तर ‘बाहेरच्या’ असं येतं. ते नको असतं, आणि मग ‘चार दगड’ म्हटलं की सुटका होते.

मी मात्र ते दगड मोजून घ्यायला सांगतो. मध्ययुगीन युरोपचा किल्ला काय होता, तिथला समाज कसा जगत होता, हे बघायचं असेल, पडदे आणि थर्माकोल वगळून, तर ते इथे आहे: दातिवरे ते डहाणू, रिक्षाच्या अंतरावर, तिकिटाशिवाय. शिरगावच्या वाळूत तटाच्या बाहेर उभं राहून वर बघावं. भातपेरणीच्या दिवसांत चिखलाचे पाय घेऊन उभं राहिलं तर आणखी चांगलं. मध्ययुगातल्या नव्वद टक्के माणसांनी किल्ला तिथूनच पाहिला.

परवा ते गृहस्थ लिफ्टमध्ये भेटले. पुढच्या वर्षी स्कॉटलंड म्हणाले, तिथले किल्ले ‘ओरिजिनल’ आहेत म्हणे. मी म्हटलं, छान. पण एक करा, यंदा जे फोटो काढलेत त्यात कोठाराचा एक काढून दाखवा. त्यांनी तिथेच मोबाइल काढला. सहाव्या मजल्यापर्यंत अंगठा वर-खाली फिरत होता. मनोरे आले, हंड्या-झुंबरं आली, कारंजं आलं, बायको कारंज्यापुढे आली. लिफ्टचं दार उघडलं.

“सर,” ते म्हणाले, “कोठार तर दाखवलंच नाही हो त्यांनी.”

“शिरगावला या,” मी म्हटलं. “रविवारी. चप्पल काढून.”